वडिलांच्या उपचारांचे कागद सांभाळताना

वडिलांच्या आजारपणाची जबाबदारी तुमच्यावर नुकतीच आली आहे, तेव्हा सर्वांत आधी ईसीजीचे कागद बाहेर काढा. ते बहुधा थर्मल कागदावर, म्हणजे उष्णता लागली की काळ्या पडणाऱ्या कागदावर, छापलेले असल्यामुळे काळानुसार पुसट होत जातात. मी एक पट्टी मोठ्या हौसेने लॅमिनेट करायला दिली आणि ती दुकानातच काळीठिक्कर पडली. ईसीजीच्या कागदांची त्याच दिवशी झेरॉक्स काढावी आणि मोबाइलवर स्कॅन करून फाइलच्या नावात वर्ष, महिना, दिवस या क्रमाने तारीख घालावी, म्हणजे यादी आपोआप कालक्रमाने लागते.

डिस्चार्ज कार्ड आणि बायोप्सीचा अहवाल कधीही टाकू नयेत. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णांच्या नोंदी डॉक्टरांनी ३ वर्षे ठेवायच्या असतात आणि मागितल्यास ७२ तासांत द्यायच्या असतात. तीन वर्षांनंतर मात्र भिस्त आपल्याच कपाटावर असते.

आभा, म्हणजे सरकारी डिजिटल आरोग्य खात्याचा १४ अंकी क्रमांक, जरूर काढावा. नोंदी त्याला जोडता येतात आणि संमतीनेच इतरांना दाखवता येतात. मात्र जुने कागद त्यात आपोआप येत नाहीत, ते स्वतःच चढवावे लागतात. अहवाल कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकण्याची सवय मला मुळीच पसंत नाही.

रात्री-अपरात्री कुलूपबंद मोबाइल काय कामाचा? म्हणून वडिलांच्या पाकिटात एक चिठ्ठी ठेवावी: रक्तगट, ॲलर्जी, चालू औषधे मात्रेसह, तुमचा फोन नंबर. औषध बदलले की चिठ्ठीही बदलावी.