वर्षाचा शेंगेन व्हिसा आणि नव्वद दिवसांचं गणित

प्रश्न : माझ्याकडे १ जानेवारी ते ३१ डिसेंबर २०२६ असा मल्टिपल एंट्री शेंगेन व्हिसा (युरोपातल्या शेंगेन गटातल्या देशांचा सामायिक व्हिसा) आहे. १० जानेवारी ते २० मार्च मुलीकडे जर्मनीत राहून आले. तिचं बाळंतपण जूनअखेरीस आहे. १ जूनला जाऊन २९ ऑगस्टला परतायचं तिकीट काढलंय. मधे दोन महिने भारतात होते, तेव्हा ९० दिवस पुन्हा नव्याने मिळतील ना?

उत्तर : नाही. हे तिकीट बदला. परत आल्याने मोजणी शून्यावर येत नाही. तिथे असाल त्या प्रत्येक दिवशी, तो दिवस धरून मागचे १८० दिवस पाहायचे आणि त्यातला मुक्काम ९० दिवसांपेक्षा जास्त भरता कामा नये. उतरण्याचा आणि निघण्याचा, दोन्ही दिवस धरतात.

तुमचे आधीचे दिवस ७० होतात. १ जूनला गेलात तर उरलेले २० दिवस २० जूनला संपतील, म्हणजे बाळ यायच्या आत तुम्हाला निघावं लागेल. पण १० जानेवारीचा दिवस ९ जुलैला हिशेबातून गळतो आणि तिथून रोज एकेक जुना दिवस सुटत जातो. म्हणून १९ जूनला उतरलात तर नव्या मुक्कामाचे २० दिवस ८ जुलैला भरतात, दुसऱ्याच दिवसापासून जागा मोकळी होत जाते आणि १६ सप्टेंबरपर्यंत सलग ९० दिवस राहता येतं. १८ जूनला उतरलात तर मात्र ७ जुलैलाच निघावं लागेल. एका दिवसाने एवढा फरक! युरोपियन कमिशनचा कॅल्क्युलेटर ऑनलाइन आहे, त्यात तारखा घालून पडताळा.

मुलीकडून स्वित्झर्लंडला फिरायला गेलात तर तेही दिवस मोजले जातात. तो देश युरोपियन युनियनमध्ये नसला तरी शेंगेनमध्ये आहे.

‘तिथे गेल्यावर वाढवून घेऊ’ यावर विसंबू नका. मुदतवाढ अनपेक्षित अडचण, मानवतेचं कारण किंवा गंभीर वैयक्तिक कारण कागदोपत्री दाखवलं तरच मिळते. आधीपासून ठाऊक असलेलं बाळंतपण त्यात बसवणं अवघड. जास्त राहिलात तर जर्मनीत तो फौजदारी गुन्हा आहे, प्रवेशबंदीही होऊ शकते. शिक्का अस्पष्ट म्हणून निसटण्याचे दिवस गेले. १२ ऑक्टोबर २०२५ पासून सुरू झालेल्या ईईएस (एंट्री-एक्झिट सिस्टिम) यंत्रणेत येण्याजाण्याची नोंद चेहऱ्याच्या फोटोसह होते.

जाताना किमान ३०,००० युरोचा प्रवासविमा नव्या तारखांचा काढा, पहिल्या फेरीचा चालणार नाही. परतीचं तिकीट आणि मुलीचं निमंत्रणपत्र हँडबॅगेत ठेवा.