कोलेस्टेरॉलच्या गोळीने बाबांचे पाय दुखतात. डॉक्टर म्हणतात ‘मनाचं आहे’. मनामुळे खरंच अंग दुखतं का?

तुमच्या प्रश्नाचा सारांश असा: गेल्या वर्षी बाबांची अँजिओप्लास्टी झाली, अटॉर्व्हास्टॅटिन सुरू झाली, थोड्याच दिवसांत पोटऱ्या दुखायला लागल्या. डॉक्टर म्हणाले ‘मनाचं आहे’. बाबांना राग आला आणि त्यांनी गोळीच बंद केली. मनामुळे खरंच असं दुखतं का, आणि बाबांना समजवायचं कसं, हे तुम्हाला हवंय.

मी डॉक्टर नाही, फार्मासिस्ट आहे. तालुक्याच्या गावात मेडिकल चालवतो, त्यामुळे हे भांडण रोज काउंटरवर ऐकायला मिळतं.

दुखू शकतं. आणि ते दुखणं खोटं नसतं. डॉक्टरांनी हे दुसरं वाक्यही जोडलं असतं तर बाबा बहुधा चिडले नसते. ‘मनाचं आहे’ म्हटलं की आपल्याकडच्या माणसाला ‘तुम्ही नाटक करताय’ असंच ऐकू येतं.

बाबांच्याच तक्रारीवर लंडनच्या इम्पिरियल कॉलेजमध्ये एक सुंदर प्रयोग झाला. २०२० मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले. त्रास होतो म्हणून स्टॅटिन (बाबांच्या अटॉर्व्हास्टॅटिनच्या जातीची कोलेस्टेरॉलची गोळी) सोडून दिलेली ६० माणसं त्यांनी घेतली आणि प्रत्येकाला वर्षभराच्या १२ बाटल्या दिल्या. चार बाटल्यांत खरी अटॉर्व्हास्टॅटिन होती, चारांत तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी आणि चार अगदी रिकाम्या. कुठल्या महिन्यात कुठली बाटली, ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलेलं. रोज मोबाइलवर त्रासाला शून्य ते शंभर असे गुण द्यायचे, एवढंच काम. बाटली रिकामी असेल त्या महिन्यांत सरासरी ८ गुण आले. खऱ्या गोळीच्या महिन्यांत १६.३. आणि औषध नसलेल्या गोळीच्या महिन्यांत? १५.४. म्हणजे गोळी घेतल्यावर जो त्रास वाढला, त्यातला नव्वद टक्के भाग आत काहीच नसलेल्या गोळीनेही वाढला. काहींना तर त्या फुसक्या गोळीचा महिनाही सोसवला नाही, त्यांनी तो अर्ध्यावर सोडला. नाटक करणारा माणूस इतक्या थराला जात नाही. त्यांचे पाय दुखतच होते.

मला या प्रयोगातला सगळ्यात मोलाचा वाटतो तो शेवट. वर्ष संपल्यावर प्रत्येकाला त्याचाच आलेख दाखवला. कुणी लेक्चर दिलं नाही, कुणी खोटं पाडलं नाही. त्या ६० पैकी ३० जणांनी आपणहून स्टॅटिन पुन्हा सुरू केली.

हे होतं कसं? साठीच्या पुढे पोटऱ्या, गुडघे, कंबर यांपैकी काहीतरी रोज कुरकुरतच असतं. एरवी आपण ते सोडून देतो. पण गोळीने स्नायू दुखतात हे एकदा कानावर पडलं (आणि व्हॉट्सअॅपवर ते पडतंच), की लक्ष तिथेच जाऊन बसतं, आणि तीच कुरकुर आता गोळीच्या नावावर जमा होते. पण हा नुसता हिशेबाचा घोळ नाही. अपेक्षेचा शरीराच्या रसायनांवरही परिणाम होतो. १९७८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांवर प्रयोग झाला. औषध नसलेल्या सलाईनने ज्यांचं दुखणं कमी झालं होतं, त्यांना नॅलोक्सोन दिल्यावर ते परत वाढलं. नॅलोक्सोन अफूच्या जातीच्या औषधांचा असर अडवतं. म्हणजे ‘आता बरं वाटेल’ या भरवशावर शरीराने स्वतःचं वेदनाशामक तयार केलं होतं. अपेक्षा उलटी असेल, भीतीची असेल, तर वेदना वाढते.

माझ्या दुकानात याचा दुसरा अवतार दिसतो. कंपनी बदलली, स्ट्रिपचा रंग बदलला की ‘ही गोळी गरम पडते, ती आधीचीच द्या’. आतलं औषध तेच, मिलिग्रॅम तेच. न्यूझीलंडमध्ये २००७ च्या सुमारास हे देशपातळीवर घडलं. तिथली थायरॉइडची गोळी पिवळ्याची पांढरी झाली, कारखाना बदलला, औषध मात्र तेच राहिलं. तीस वर्षांत जिथे जेमतेम १४ तक्रारी आल्या होत्या, तिथे दीड वर्षात चौदाशेच्या घरात गेल्या, आणि पेपरात-टीव्हीवर बातम्या येतील तशा त्या वाढत गेल्या.

आता कुणी म्हणेल, मनात एवढी ताकद आहे तर गोळी कशाला, मन खंबीर ठेवू. थांबा. २०११ मध्ये दम्याच्या रुग्णांवर झालेला एक प्रयोग मी अशा मंडळींना नेहमी सांगतो. खरा पंप, औषध नसलेला पंप, खोटं अॅक्युपंक्चर आणि काहीच नाही, असे चार प्रकार. पहिल्या तिन्हींत रुग्णांनी ‘बरं वाटतंय’ म्हणून सांगितलं ते जवळपास सारखंच, निम्म्याच्या आसपास. पण यंत्रावर फुंकर मारून मोजल्यावर खऱ्या पंपाने श्वास २० टक्क्यांनी सुधारला, बाकीच्या तिघांत जेमतेम ७ टक्के. आणि त्या तिघांत ‘काहीच नाही’ हा प्रकारही आला. जाणवण्यावर मनाचा अंमल मोठा आहे, आकसलेल्या श्वासनळीवर फारसा नाही. बाबांच्या रक्तवाहिनीतल्या चरबीच्या थराचंही तेच. तो भावनेने हलत नाही आणि तो जाणवतही नाही, म्हणून तर गोळी सोडणं इतकं सोपं वाटतं.

दुसरी बाजूही सांगायला हवी. स्टॅटिनने खरोखर स्नायूंना इजा होते, क्वचित होते, पण होते. म्हणून ‘मनाचं आहे’ हा निष्कर्ष तपासणीआधी काढायचा नसतो. रक्तातलं सीके (स्नायूंना इजा झाली की वाढणारा घटक) बघायला हवं, थायरॉइड बघायला हवं, कारण थायरॉइड मंद असेल तर हा त्रास वाढतो. मधे कुणी क्लॅरिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिक दिलं होतं का, तेही विचारा. त्याने अटॉर्व्हास्टॅटिनचं रक्तातलं प्रमाण वाढतं. आणि लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची झाली, किंवा उठता-बसताना पायांत जोरच नाही असं झालं, तर लगेच दवाखाना.

बाबांना समजवायचं म्हणाल तर वाद घालू नका. ‘तुम्हाला दुखतंय हे मला मान्य आहे, ते गोळीने आहे का ते आपण मिळून शोधू’ एवढंच म्हणा. एक वही द्या. गोळी बंद असतानाही रोज रात्री दुखण्याला दहापैकी किती गुण, ते लिहू द्या. आत्ताच्या कोऱ्या दिवसांतही तीन-चार गुण येताहेत असं त्यांना स्वतःच्या अक्षरात दिसलं, तर अर्धं काम झालं. मग डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी सुरू करून वही तशीच चालू ठेवायची. ही काही लंडनची चाचणी नव्हे, बाबांना माहीत असणार की आज खरी गोळी घेतली आहे. तरी तुमच्या माझ्या सांगण्यापेक्षा ती वही जास्त ऐकली जाते.

सुरू झाली की नेमाचा प्रश्न. श्रीमंत देशांतसुद्धा जुनाट आजारांची औषधं साधारण निम्मेच लोक नीट घेतात, असं जागतिक आरोग्य संघटनेचं २००३ चं म्हणणं होतं. अटॉर्व्हास्टॅटिन दिवसातून कुठल्याही ठरलेल्या वेळी चालते. तेव्हा ‘रोज घ्या हं’ म्हणण्यापेक्षा ‘सकाळचा चहा पिऊन कप ठेवला की गोळी’ असं ठरवा, डबी चहा-साखरेच्या डब्याशेजारी ठेवा. नवी सवय अंगवळणी पडायला लंडनच्याच एका अभ्यासात मधलं माप ६६ दिवसांचं निघालं. कुणाला १८ दिवस पुरले, कुणाला हिशेबाने २५४ लागतील असं दिसलं. एखादा दिवस चुकला तर सवय मोडत नाही असंही त्यात आढळलं, म्हणून एक दिवस विसरले की घरात आरडाओरडा नको.

पुढच्या भेटीला तुम्ही सोबत जा आणि डॉक्टरांना तीन गोष्टी नीट विचारा: डोस कमी करून सुरू करता येईल का, रोसुव्हास्टॅटिनसारखी दुसरी स्टॅटिन देता येईल का, आणि कुठलीच स्टॅटिन सोसली नाही तर एझेटिमाइबसारखं स्टॅटिन नसलेलं कोलेस्टेरॉलचं औषध चालेल का. ही भेट याच आठवड्यात घ्या, स्टेंट असलेल्या माणसाने गोळीविना महिने घालवू नयेत. आणि जाण्याआधी आजच बाबांचा गोळ्यांचा डबा उघडून बघा. ‘एक बंद केली, मग सगळ्याच केल्या’ असे बरेच जण मला भेटतात. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या, अॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेलसारख्या, त्यांनी परस्पर थांबवल्या असतील तर आठवड्याची वाट न बघता आत्ताच डॉक्टरांना फोन करा.