भेटीच्या वेळेबाहेर जाऊन बघा

"माई, आई ७९ वर्षांची. मार्चमध्ये पक्षाघात झाला. उजवी बाजू लुळी पडली, बोलणं अडखळतं, पाणी पिताना ठसका लागतो. मी शाळेत शिकवते, भाऊ पुण्याला. घरी ठेवलेल्या दोन बाया काम सोडून गेल्या. आता वृद्धांची शुश्रूषा करणारी दोन केंद्रं पाहून आले. वर्धा रोडचं नवंकोरं, संगमरवरी फरशी, एसी, महाग. मानेवाड्याचं जुन्या बंगल्यात, माणसं प्रेमळ, पण रात्री कोण असतं विचारलं तर 'आम्ही आहोत ना' एवढंच उत्तर. चांगलं कुठलं ते ओळखू कसं? आणि लोक म्हणतील, आईला टाकलं.
– एक लेक, प्रतापनगर, नागपूर"

ताई,

तुमची शेवटची ओळ आधी घेते. मनात अपराधीपणा असला की माणसाला चकचकीत फरशी पाहूनच हायसं वाटतं आणि विचारायचं ते राहून जातं. माझं असंच झालं. सासऱ्यांना आम्ही एका केंद्रात ठेवलं होतं. भेटीची वेळ दुपारी ४ ते ६. रोज त्या वेळी ते आंघोळ केलेले, पावडर लावलेले, धुतलेल्या चादरीवर. दोन महिन्यांनी एकदा सकाळी साडेसहाला गेले. चादर रात्रीपासून ओली होती. कुशीवर वळवलं, तर माकडहाडापाशी रुपयाएवढी जखम. आम्ही रोज जात होतो, ताई, आणि त्यांची पाठ कुणीच पाहिली नव्हती.

म्हणून दोन्हीकडे पुन्हा जा. एकदा रात्रीच्या जेवणाच्या वेळी, एकदा भल्या सकाळी. इतर रुग्णांच्या खासगीपणासाठी आत सोडत नसतील तर ते रास्त आहे, पण हॉलमध्ये तासभर बसू द्यायलाही कुरकुर केली तर मी तरी तिथे पाऊल ठेवणार नाही.

फाटकाशी गप्पा मारणाऱ्या आजोबांवरून काही ठरवू नका. जिला हाक मारता येत नाही, ती कोपऱ्यातल्या पलंगावरची आजी कशी आहे ते बघा. ओठ कोरडे आहेत का? नखं कापलेली आहेत का? अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. टाच, खुबा, माकडहाड इथे लाली आली आणि बोटाने दाबूनही ती फिकी पडली नाही, तर जखमेची सुरुवात झाली समजायचं. कूस बदलल्याची नोंद ठेवता का, विचारा. वही दाखवली तर तारखांपेक्षा शाई बघा. दिवसरात्रीच्या सगळ्या नोंदी एकाच पेनाने, एकाच हाताने, बरोबर ८, १०, १२ अशा असतील तर ती वही एका बैठकीत भरलेली आहे.

तुमच्या आईसाठी सगळ्यात जोखमीची वेळ जेवणाची. ठसका लागतो म्हणजे घास किंवा पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं आणि त्यातून न्यूमोनिया होतो. भरवताना माणसाला ताठ बसवतात का, आधीचा घास गिळला की नाही बघून पुढचा देतात का, जेवणानंतर अर्धा तास तरी बसवून ठेवतात का, की लगेच आडवं करतात? एक मावशी किती जणांना भरवते, तेही मोजा. पातळ पदार्थ किती घट्ट करून द्यायचे हे तुमच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि तो कागद केंद्राला द्या. आणि हो, पाण्याचा पेला आणि बेल आईच्या डाव्या हाताला हवी. बेल उजवीकडे लावली तर ती असून नसल्यासारखीच.

मानेवाड्याचं ते 'आम्ही आहोत ना' मला पुरेसं वाटत नाही. रात्री नेमके किती जण, त्यात शिकलेली नर्स एएनएम (साहाय्यक परिचारिका) की जीएनएम (पूर्ण अभ्यासक्रम केलेली परिचारिका), की फक्त आया? रात्री २ वाजता धाप लागली तर मेडिकलला, म्हणजे सरकारी रुग्णालयात, किंवा तुमच्या दवाखान्यात कोण नेणार, गाडी कुणाची? झोपेच्या गोळ्या किंवा हात बांधणं तुम्हाला विचारल्याशिवाय होणार नाही, हे लेखी घ्या. वर्धा रोडवाल्यांनाही हेच विचारा. त्यांची ती संगमरवरी फरशी ओली झाली की घसरगुंडीच. बाथरूममध्ये धरायला दांड्या नसतील तर एसीचं कौतुक मला सांगू नका.

आपल्याकडचा मे तुम्हाला माहीत आहे. पारा ४५ च्या पुढे, त्यात वीज गेली तर इन्व्हर्टरवर काय चालतं? कूलरचं पाणी कधी बदलतात?

आगीचंही विचारा, संकोच करू नका. जानेवारी २०२१ मध्ये शेजारच्या भंडाऱ्यात जिल्हा रुग्णालयाच्या आगीत १० तान्ही बाळं गेली. ज्याला उठता येत नाही त्याला कुणीतरी उचलून न्यावं लागतं. मागचं दार कुलूपबंद आहे का, त्याची किल्ली रात्री कुणाकडे असते? अग्निसुरक्षेचं प्रमाणपत्र जानेवारी आणि जुलै असं वर्षातून दोनदा घ्यावं लागतं, ताजं मागा. स्वतःला नर्सिंग होम म्हणवत असतील तर १९४९ च्या कायद्याखाली महापालिकेची नोंदणीही हवी. पुढे कधी दाद लागेनाशी झाली तर ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७ आहे.

लोकांचं म्हणाल तर दोन बाया सोडून गेल्यावर यातलं कुणी एक रात्र तुमच्या आईपाशी बसलं होतं का? टाकणं म्हणजे ठेवून पाठ फिरवणं. तुम्ही रात्रीचं कोण असतं ते विचारताय. भावाला मात्र नुसते पैसे पाठवून सुटू देऊ नका. महिन्यातून दोन दिवस त्याने यावं आणि आईची पाठ त्यानेही पाहावी.

एक गोष्ट मला टोचली. एवढ्या पत्रात आईचं म्हणणं कुठेच नाही. बोलणं अडखळतं म्हणजे समजत नाही असं नव्हे. कागद सही करण्याआधी तिला व्हीलचेअरवरून दोन्हीकडे न्या, दुपारभर बसू द्या. परतताना गाडीत विचारा आणि उत्तराची वाट पाहा. तिला शब्द सापडायला वेळ लागेल, मध्येच तिच्या तोंडचं वाक्य पुरं करू नका.

– माई