पुनर्वसन समुपदेशकाची बदलती आचारसंहिता : एका आईच्या पत्राला उत्तर

सातारा जिल्ह्यातील एका आईचे पत्र आले आहे. त्यांची मुलगी मानसशास्त्र घेऊन बी.ए. झाली असून अमेरिकेतील एका विद्यापीठात पुनर्वसन समुपदेशनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला तिला प्रवेश मिळाला आहे. तयारी म्हणून तिने तिथल्या एका वरच्या वर्गातील विद्यार्थिनीकडून व्यावसायिक आचारसंहितेची २०१७ची प्रत मिळवली आणि तिच्यावरून वहीभर टिपणे काढली. पुढे तिला कळले की १ जानेवारी २०२३ पासून सुधारित संहिता लागू झाली आहे. आईंनी दोन प्रश्न विचारले आहेत. काढलेली टिपणे वाया गेली का? आणि ज्या व्यवसायात नीतीचे नियमच दर पाच-सात वर्षांनी बदलतात, त्यासाठी कर्ज काढावे का?

आदरणीय ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण ते पटले तर पहिल्याचे उत्तर आपोआप मिळेल.

अपघात, आजार किंवा जन्मतः आलेल्या अपंगत्वासह जगणाऱ्या व्यक्तीला शिक्षण, रोजगार आणि स्वतंत्र जीवन यांकडे जाण्यास मदत करणे, हे पुनर्वसन समुपदेशकाचे काम. अमेरिकेत या कामाला १९२०च्या कायद्यापासून सरकारी आधार मिळाला आणि १९७३च्या पुनर्वसन कायद्याने त्याला हक्कांची बैठक दिली. समुपदेशकांना प्रमाणपत्र देणारे ‘कमिशन ऑन रिहॅबिलिटेशन काउन्सेलर सर्टिफिकेशन’ हा आयोग १९७४ मध्ये स्थापन झाला. या क्षेत्राची आचारसंहिता १९८७ मध्ये आली आणि पुढे २००२, २०१०, २०१७ व २०२३ या वर्षांपासून तिच्या सुधारित आवृत्त्या लागू झाल्या.

या सगळ्या काळात संहितेचा गाभा जवळजवळ तसाच राहिला आहे. सेवार्थीची, म्हणजे समुपदेशकाची मदत घेणाऱ्या व्यक्तीची, स्वायत्तता, त्याचे हित साधणे, त्याला अपाय न करणे, न्याय आणि दिलेल्या शब्दाशी निष्ठा ही पाच तत्त्वे आधीपासून होती. सत्यनिष्ठा हे सहावे तत्त्व २०१०च्या आवृत्तीत आले. म्हणजे नीती बदलते असे म्हणण्यापेक्षा, तीच तत्त्वे ज्या परिस्थितीला लावायची ती परिस्थिती बदलत गेली, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होईल.

स्वायत्ततेचेच पाहा. बौद्धिक अपंगत्व असलेल्या व्यक्तींना किमान वेतनाहून कमी मजुरी देण्याची मुभा अमेरिकेतील १९३८च्या कामगार कायद्याने दिली होती, आणि अशा मजुरीवर चालणाऱ्या संरक्षित कार्यशाळांकडे (अपंग व्यक्तींसाठी वेगळ्या चालवलेल्या कामाच्या जागांकडे) त्यांना पाठवणे ही दीर्घकाळ सद्भावनेने केलेली मदत मानली जात असे. पाठवणाऱ्या समुपदेशकाचा हेतू वाईट नव्हता. मात्र त्या व्यक्तीला काय हवे आहे, हे अनेकदा कोणी विचारतच नसे. नव्वदच्या दशकातील कायदेदुरुस्त्यांनी सर्व पर्याय समजून घेऊन निवड करण्याचा सेवार्थीचा हक्क बळकट केला. २०१४च्या कायद्याने तर २४ वर्षांपर्यंतच्या तरुणाला अशा कमी मजुरीच्या कामावर लावण्याआधी पुनर्वसन सेवा आणि समुपदेशन देण्याचे बंधन घातले. कायदा आणि समाजाची समज इतकी पुढे गेल्यावर समुपदेशकाची संहिता जुन्या जागी थांबली असती, तर ती त्याला चुकीच्या बाजूला उभे करणारी ठरली असती.

दुसरे मोठे कारण तंत्रज्ञानाचे आहे, आणि तुमच्या मुलीच्या पिढीला ते रोज भेटणार आहे. कल्पना करा, मणक्याला इजा झालेली एक तरुणी घरून व्हिडिओ कॉलवर समुपदेशकाशी बोलते आहे. ‘नोकरीसाठी दुसऱ्या शहरात जायला आवडेल का?’ असे विचारताच ती पडद्याबाहेर डावीकडे पाहते, क्षणभर थांबते आणि ‘नको, इथेच बरे’ असे म्हणते. खोलीत आणखी कोणी आहे का, हे समुपदेशकाला दिसत नाही. समोर बसून होणाऱ्या भेटीत दार लोटून घेतले की गोपनीयता सांभाळली जाई. येथे सेवार्थीची ओळख पटवणे, तिची प्रकृती अचानक बिघडल्यास मदत पाठवता यावी म्हणून ती नेमकी कुठे आहे हे विचारून ठेवणे आणि तिला मोकळेपणाने बोलता येते आहे की नाही याची खात्री करणे, हे सारे समुपदेशकाच्या कर्तव्यात येते. समाजमाध्यमांचेही तसेच. सेवार्थीची मैत्रीची विनंती स्वीकारावी का, त्याचे सार्वजनिक खाते त्याच्या नकळत चाळावे का, हे प्रश्न १९८७ मध्ये कोणाला पडणेच शक्य नव्हते.

या व्यवसायातील सर्वांत अवघड प्रश्न मात्र जुनाच आहे. पैसे एक जण देतो आणि सेवा दुसऱ्याला मिळते. कामावर जखमी झालेल्या माणसाचे शुल्क विमा कंपनी भरते आणि तो लवकरात लवकर कोणत्याही कामावर रुजू व्हावा, अशी तिची इच्छा असते; त्याला मात्र सहा महिन्यांचे प्रशिक्षण घेऊन आपल्या कौशल्याचे काम करायचे असते. अशा वेळी समुपदेशकाची पहिली बांधिलकी सेवार्थीशीच असते, ही संहितेची भूमिका आहे. न्यायालयीन प्रकरणात केवळ मूल्यमापन करायचे असेल, तर तिथे समुपदेशनाचे नाते नसते. म्हणून अहवाल कोणाकडे जाणार आणि गोपनीयतेला मर्यादा कोणत्या, हे समोरच्या व्यक्तीला आधीच स्वच्छ सांगावे लागते. जो आपल्याला मदत करायला आला आहे असे वाटून माणूस मन मोकळे करतो, त्याचाच अहवाल पुढे आपल्याविरुद्ध वापरला गेलेला पाहणे फार क्लेशदायक असते. मला स्वतःला संहितेचा हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो आणि मुलीने तो अत्यंत बारकाईने वाचावा, असा माझा आग्रह आहे.

आता टिपणांविषयी. ती फेकू नका. मुलीला २०२३ची संहिता आयोगाच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्यायला सांगा आणि दोन्ही शेजारी ठेवून वाचायला सांगा. जिथे कलम बदलले, वाढले किंवा गळले, तिथे समासात एकच गोष्ट लिहावी : कोणत्या सेवार्थीच्या कोणत्या अडचणीमुळे हा बदल करावा लागला असेल? असा अभ्यास केलेल्या विद्यार्थ्याला परीक्षेतील प्रसंगाधारित प्रश्न सोडवताना कलमांचे क्रमांक आठवत बसावे लागत नाही. उत्तरे मात्र नव्या संहितेनुसारच द्यायची आहेत. प्रमाणपत्राचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते आणि त्यासाठीच्या प्रशिक्षणात नीतिविषयक तास सक्तीचे असतात, त्यामुळे ही सवय तिला सेवाकाळभर उपयोगी पडेल.

तिचा परत येण्याचा विचार असल्याचे तुम्ही लिहिले आहे, म्हणून आपल्याकडचेही सांगते. अमेरिकेतील प्रमाणपत्रावर भारतात थेट काम करता येत नाही. भारतीय पुनर्वास परिषदेच्या १९९२च्या कायद्यानुसार केंद्रीय पुनर्वसन नोंदवहीत नाव असावे लागते, आणि परिषदेने १९९८ मध्ये व्यावसायिक वर्तनाचे व नीतीचे विनियम केलेले आहेत. त्यानंतर भारताने २००७ मध्ये दिव्यांगांच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार स्वीकारला. २०१६च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले, आणि जिथे पालक नेमावा लागतो तिथेही तो मर्यादित असावा, निर्णय व्यक्तीच्या इच्छेनुसार आणि तिच्यासह घ्यावा, असे सांगितले. आपल्याकडे तीस वर्षांच्या मुलाची मुलाखत घेतानाही उत्तरे वडील देतात आणि अर्जावर सहीही तेच करतात, तीही मायेपोटीच. अशा घरात, वडिलांचा मान राखून, मुलाला स्वतः बोलू देणारे समुपदेशक महाराष्ट्राला हवे आहेत. तुमची मुलगी ते शिकून आली, तर मला मनापासून आनंद होईल.

कर्जाचा निर्णय घेताना आचारसंहिता बदलते ही गोष्ट विरोधात मोजू नका. त्याऐवजी तीन गोष्टी तपासा. अभ्यासक्रमाला तिथल्या ‘कॅक्रेप’ या मानांकन संस्थेची मान्यता आहे का, हे विद्यापीठाकडून लेखी घ्या. प्रत्यक्ष कामाचे तास कुठे आणि कोणाच्या देखरेखीखाली होतील, हे विचारा. आणि ही पदवी भारतात नोंदणीसाठी ग्राह्य धरली जाईल का, याची चौकशी पुनर्वास परिषदेकडे पत्राने करा. या पत्राचे उत्तर यायला वेळ लागतो, म्हणून शुल्काचा पहिला हप्ता भरण्याआधीच ते पाठवा.

आपली,
करिअर समुपदेशक