ग्रीक-रोमन इतिहासावर मराठी विकिपीडियात लिहिताना

अमळनेरच्या ताईंचा प्रश्न असा: इतिहासात एम.ए. झाले आहे, ग्रीक-लॅटिन येत नाही, तरी प्राचीन ग्रीस-रोमवर मराठी विकिपीडियात लिहिता येईल का?

येईल ताई, आणि जरूर लिहा. भाषा येत नसली तरी चांगली भाषांतरे आहेत. सांभाळायचे ते हे, की प्राचीन लेखक काय म्हणाला आणि आजच्या अभ्यासकाने त्यावरून काय अनुमान काढले, हे दोन धागे लेखात वेगळे दिसले पाहिजेत. या विषयावरचे लेख सर्वाधिक इथेच बिघडतात.

आपल्याकडचेच उदाहरण घ्या. ‘पेरिप्लस’ हे इ.स. पहिल्या शतकातले ग्रीक व्यापारी मार्गदर्शक. त्याच्या ५१व्या कलमात बारीगाझापासून, म्हणजे भडोचपासून, दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर असे दिले आहे. या दोन्ही ठिकाणचा माल मोठ्या बिनवाटेच्या मुलखातून गाड्यांवर लादून भडोचला येतो, असेही म्हटले आहे. नकाशा उघडला की भडोच-पैठण मार्गात तापी येते, सातमाळ्याचा डोंगर येतो, आणि आपला खानदेश वाटेवर होता हे पटते. पण त्या कलमात खानदेशाचे नाव नाही. ते नावच फार नंतरचे. त्यामुळे ‘पेरिप्लसमध्ये खानदेशातील मार्गाचे वर्णन आहे’ असे लिहिले, की ते वाक्य कोणीतरी उडवणार आणि ते योग्यच. असे लिहा: ‘पेरिप्लस भडोच ते पैठण हे अंतर देतो, हा मार्ग तापीच्या खोऱ्यातून जात असावा, असे अमुक अभ्यासक मानतात.’ पुढे अभ्यासकाचे नाव, ग्रंथ, पृष्ठ. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातले तेर ही ओळखसुद्धा अभ्यासक फ्लीट यांनी मांडलेली आहे, मूळ ग्रंथातली नाही. चाळीसगावजवळच्या पितळखोऱ्याला प्राचीन भूगोलकार टॉलेमीचे ‘पेट्रिगल’ मानतात, तिथेही हाच नियम. आपल्या मातीचा अभिमान असला, की हात इथेच सैल सुटतो.

प्राचीन ग्रंथाचा संदर्भ पानाने देऊ नका. आवृत्ती बदलली की पान बदलते. खंड आणि परिच्छेदाचे आकडे मात्र बहुतेक सगळ्या भाषांतरांत तेच राहतात. झाडाला लोकर येते, असे भारतातल्या कापसाबद्दल ग्रीक इतिहासकार हीरॉडोटस लिहितो, त्याचा संदर्भ ३.१०६, म्हणजे खंड ३, परिच्छेद १०६. भाषांतर कोणाचे, हेही नोंदवा. आकडे उचलताना रोमन लेखक थोरल्या प्लिनीची दोन स्थळे हमखास मिसळतात: ६.१०१ मध्ये भारताकडे दरवर्षी जाणारे ५ कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) आहेत, तर १२.८४ मधले १० कोटी भारत, चीन आणि अरबस्तान मिळून आहेत. शिवाय प्लिनी दोन आहेत, मामा आणि भाचा. दुवा देताना बघून द्या. भूगोलकार टॉलेमी आणि इजिप्तचे टॉलेमी राजे यांचीही तशीच गल्लत होते.

वर्षांची बेरीज करताना शून्य वर्ष नाही हे विसरू नका. इ.स.पू. १ नंतर थेट इ.स. १ येते. म्हणून मॅरेथॉनच्या लढाईला (इ.स.पू. ४९०) २५०० वर्षे २०१० मध्ये नव्हे, २०११ मध्ये पूर्ण झाली.

यंत्राने केलेल्या भाषांतरावर विसंबू नका. तिथे रोमचा कॉन्सल, म्हणजे निवडून आलेला सर्वोच्च अधिकारी, ‘वाणिज्यदूत’ होऊन बसतो आणि ‘अभिजात’ ग्रीसचा ‘शास्त्रीय’ ग्रीस होतो. ग्रीक ‘टायरंट’ला सरसकट ‘जुलमी राजा’ म्हणणेही चूक. वंशपरंपरेबाहेरून सत्ता हाती घेणारा, एवढाच त्याचा मूळ अर्थ.

नावांबाबत वाद होतात. सॉक्रेटिस, प्लेटो, ज्युलियस सीझर ही मराठीत रुळलेली रूपे तशीच ठेवा. कमी परिचित नावांत मूळ उच्चाराच्या जवळचे एक रूप घ्या, लेखभर तेच वापरा आणि बाकीच्या रूपांची पुनर्निर्देशने (त्या नावाने शोधले तरी याच लेखावर आणणारी पाने) करा. नवा लेख काढण्याआधी तीन-चार लेखनांनी शोधून पाहा. तोच माणूस दुसऱ्या नावाने आधीच हजर असू शकतो.

सुरुवात सदस्य धूळपाटीवर, म्हणजे सरावासाठीच्या स्वतःच्या पानावर करा. तीनशे-चारशे शब्द पुरेत, पण प्रत्येक परिच्छेदाला संदर्भ हवा. मराठी विश्वकोशातला मजकूर शब्दशः उतरवू नका. इंग्रजी विकिपीडियातून भाषांतर केले, तर बदलांच्या सारांशात मूळ लेखाचा दुवा द्या. परवान्याची ती अट आहे. चित्रांतही फसगत होते: पुतळा दोन हजार वर्षांचा असला, तरी त्याच्या छायाचित्राचे हक्क छायाचित्रकाराकडे असू शकतात, म्हणून कॉमन्सवर (विकिमीडियाच्या चित्रभांडारात) परवाना स्पष्ट लिहिलेलेच चित्र घ्या.

पहिला विषय म्हणून ‘रोमन साम्राज्य’ घेऊ नका, ताई. तो आवरत नाही. ‘तगर’ किंवा ‘बारीगाझा’ घ्या. मूळ उल्लेख मोजके आहेत, ते सगळे स्वतः वाचून होतात आणि कोणी चर्चा पानावर शंका काढली, तर कलमाचा आकडा देऊन लगेच उत्तर देता येते.