तुमचा मुलगा फुटबॉलमध्ये विंगर (मैदानाच्या कडेने चढाई करणारा), आणि अठराव्या वर्षी बेंचवरच, तर करिअर संपलं का, असं विचारताय?

नाही हो. फुटबॉलपटू लालियानझुआला छांगतेचंच बघा. मिझोरामचा पोरगा, पुण्याच्या डीएसके शिवाजियन्समध्ये घडला. डिसेंबर 2015 मध्ये, अठराव्या वर्षी, सॅफ (दक्षिण आशियाई देशांच्या) स्पर्धेत नेपाळविरुद्ध दोन गोल! मग नॉर्थईस्ट, दिल्ली, चेन्नईयिन असे क्लब झाले. 2022 मध्ये मुंबई सिटीत आला आणि 2022-23 चा भारताचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. म्हणजे सात वर्षं गेली.

विंगरला अनेकदा शेवटच्या वीस मिनिटांत उतरवतात, कारण समोरचा बॅक (बचावपटू) तोवर दमलेला असतो. ती शिक्षा नव्हे. इथे बडोद्यात पोलो ग्राउंडवर माझा भाचा रोज नुसता डाव्या, म्हणजे कमजोर पायाने क्रॉस (कडेवरून गोलसमोर पास) मारतो. दहातले सात अजून गोलमागेच जातात, ते सोडा. तुमच्या मुलाचा दुसरा पाय कसा आहे?