वाचकांचे प्रश्न : तळे, कडबा आणि पेव

प्रश्न : आमच्या वाचन मंडळात नुकताच वाद झाला. मध्ययुगातील माणसे काहीच वाया घालवत नसत, त्यांचे जगणे आजच्या भाषेत ‘शाश्वत’ होते, असे काहींचे म्हणणे होते. ती निव्वळ गरिबी होती, तिला थोरवी देऊ नये, असे इतरांचे मत पडले. सोलापूर परिसरापुरते पाहिले तर खरे काय?
— एक वाचिका, सोलापूर

उत्तर : दोन्ही बाजूंत तथ्य आहे, परंतु मूळ मुद्दा दोघांच्याही हातून निसटला आहे असे मला वाटते. आपला भाग पर्जन्यछायेतला. वर्षाचा पाऊस सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यातला मोठा वाटा उतरत्या पावसाळ्यात पडणारा. अशा मुलुखात पीक बुडणार हे गृहीत धरूनच संसार मांडावा लागे. म्हणून इथल्या जुन्या व्यवस्था समजून घ्यायच्या, तर त्या वाईट वर्षाच्या तयारीसाठी उभ्या राहिल्या होत्या हे आधी ध्यानात घ्यावे लागते. काटकसर हा त्या तयारीचा केवळ एक भाग होता.

सर्वांत जवळचे उदाहरण आपल्या शहराच्या मध्यभागी आहे. बाराव्या शतकात हे गाव सोन्नलिगे या नावाने ओळखले जात असताना सिद्धरामेश्वरांनी येथे तळे खोदविले. बसवण्णांच्या समकालीन शरणांपैकी (वीरशैव भक्तांपैकी) एक असलेल्या या संताने लोकांच्या श्रमातून पाणी साठविण्याचे काम धर्मकार्य म्हणून हाती घेतले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. तळे एकदा खोदून भागत नाही. गाळ काढावा लागतो, बांध राखावा लागतो, आणि हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालायचे तर त्याला श्रद्धेचे बळ असणे उपयोगी पडते. गड्ड्याच्या (सिद्धरामेश्वरांच्या) यात्रेला जाणाऱ्या प्रत्येकाने मंदिराइतकेच त्याभोवतीच्या पाण्याकडेही आदराने पाहावे.

शेतीतही हीच दृष्टी दिसते. काळी जमीन पावसाळाभर कुळवाच्या पाळ्या घालून मोकळी ठेवायची, तिच्या पोटात ओल जिरवायची आणि भाद्रपद-आश्विनात शाळू (रब्बी ज्वारी) पेरायचा, म्हणजे पुढे पावसाचा थेंब पडला नाही तरी साठलेल्या ओलीवर आणि थंडीवर पीक उभे राहते. मंगळवेढ्याची ज्वारी आजही अशीच पिकते. शेताच्या कडेला करडई घालत, कारण तिच्या काट्यांमुळे जनावर आत शिरत नाही आणि घरचे तेलही होते. ज्वारीचे दाणे माणसाला, कडबा बैलांना, शेण उकिरड्यावर किंवा गोवऱ्यांना आणि रानातली धसकटे वेचून चुलीला जात. कडब्याचे महत्त्व शहरी वाचकाला चटकन जाणवत नाही. दुष्काळात दाणे हाती लागले नाहीत, तरी वैरणीवर बैल जगले की पुढच्या वर्षी पेरणी होई. बैल गेले की ते घर उठलेच. सुगीनंतर धनगर आपली मेंढरे रानात बसवीत, शेतकऱ्याला लेंडीखत मिळे आणि धनगराला त्याबद्दल धान्य.

घरांबद्दल थोडक्यात सांगतो. पांढऱ्या मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचेच माळवद, यामुळे वैशाखातही आत गारवा राही. पडलेल्या घराची माती नव्या भिंतीत जाई, तुळया पुन्हा वापरल्या जात.

मात्र या व्यवस्थेची किंमत कोणी मोजली, हेही त्याच ठामपणे सांगितले पाहिजे. अवजारे दुरुस्त करणारे सुतार-लोहार आणि गावाची इतर कामे करणारे बलुतेदार जन्माने त्या कामाला बांधलेले होते, आणि गावच्या विहिरीवर सर्वांना पाणी भरता येत नसे. शिवाय सलग वर्षे कोरडी गेली की ही तयारीही तोकडी पडे. चौदाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेला दुर्गादेवीचा दुष्काळ आणि १६३०-३२ चा दुष्काळ यांनी दख्खनमधली गावेच्या गावे ओस पाडली. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी बादशाही कोठारे भुकेल्यांसाठी खुली केल्याची कथा लोकांनी शतकानुशतके जपली, यातच धान्य असूनही ते रयतेच्या हाती नसे, हे दुखणे उघड होते.

प्रश्न : हिप्परग्याचा तलावही याच काळातला का?
— एक विद्यार्थी, सोलापूर

उत्तर : नाही. एकरुख म्हणून ओळखला जाणारा तो तलाव एकोणिसाव्या शतकात, इंग्रजी अमदानीत बांधला गेला. मध्ययुगातील जलरचना पाहायची असेल, तर नळदुर्गला जावे. तेथे बोरी नदीवर किल्ल्याच्या दोन भागांना जोडणारा बांध असून त्याच्या पोटातच आदिलशाही काळातला पाणीमहाल आहे.

प्रश्न : आमच्या जुन्या वाड्याच्या अंगणात फरशीखाली पेव सापडले आहे. त्यात पुन्हा धान्य साठवता येईल का?
— एक वाचक, बार्शी तालुका

उत्तर : तत्त्वतः येईल, पण घाई करू नका. पेवाचे तोंड अरुंद आणि पोट मोठे असते. आतून शेणामातीने लिंपून, तळाला व कडेला कडबा किंवा भुसा लावून ज्वारी भरत आणि तोंडावर दगड ठेवून ते मातीने बंद करीत. आत धान्याच्या श्वसनाने प्राणवायू संपत जातो, त्यामुळे किडा जगत नाही आणि ज्वारी कैक वर्षे टिकते. हाच गुण माणसाच्या जिवावर उठतो. पूर्वी पेव उघडल्यावर बराच वेळ तसेच ठेवून मग दिवा आत सोडीत, आणि दिवा विझला तर कोणी उतरत नसे. तुम्ही दिव्याच्या भरवशावरही उतरू नका. वायू मोजण्याची साधने असलेल्या जाणकाराकडून आधी तपासून घ्या आणि तोवर तोंडावर भक्कम झाकण ठेवा, विशेषतः घरात मुले असतील तर. दुसरी पाहणी ओलीची करावी. आसपास नळाची गळती, शोषखड्डा किंवा बोअर असल्यास पूर्वी कोरडी असलेली ती गावठाणाची पांढरी माती आता ओलसर झालेली असू शकते, आणि ओल लागली की सगळी ज्वारी काळी पडून कुबट होते. एक पावसाळा पेव रिकामे ठेवून भिंती दमट होतात का ते पाहा. त्या कोरड्या राहिल्या, तर पुढच्या सुगीला थोडीच ज्वारी, तीही कडकडीत वाळवून, भरून पाहावी.